कसोटी आणि कस

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या न्यासाने पन्नास वर्षे अखंडपणे कार्यरत राहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. कितीतरी संस्था मोठ्या उत्साहाने स्थापन होतात आणि संस्थापकांच्या पश्चात विस्मृतीत जातात. आपला न्यास टिकला, वाढला, याचे श्रेय नि:स्वार्थ वृत्तीने झटणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि सढळ हाताने देणाऱ्या दात्यांना आहे. या मंगल प्रसंगी शिक्षणाविषयी चार विचार मांडण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आजचा माझा विषय आहे, राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आणि शाळेतील मुलांची घसरती गुणवत्ता. विषय रूक्ष वाटेल. पण तो आपल्याला परका नाही. सोन्याचांदीच्या पेढीवर कसोटीचा काळा दगड आपण सर्वांनी पाहिला आहे. दगडावर सोने घासले की त्याचा कस कळतो. मात्र कितीही वेळा घासले तरी त्याने सोन्याचा कस वाढत नाही. उलट प्रत्येक वेळी सोन्याचा थोडासा अंश दगडाला लागून जातो. कस वाढवावयाचा तर सोने मुशीत घालून तापवावे लागते. शिक्षणाच्या क्षेत्रात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण कसोटीचे दगड वाढवीत गेलो. मुशीकडे आणि भट्टीकडे मात्र तितकेसे लक्ष दिले नाही. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा सर्वांना ठाऊक असतात. कारण त्या परीक्षांवर मुलाचे भवितव्य ठरते. परंतु दुसऱ्या एका प्रकारची परीक्षा असते, जिच्यात कोणी उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होत नाही. देशभरातील काही शाळा नमुना म्हणून निवडावयाच्या, त्यांतील काही मुलांना एकाच दिवशी एकाच पद्धतीची प्रश्नपत्रिका द्यावयाची आणि त्यावरून जिल्ह्याचा, राज्याचा, देशाचा अंदाज बांधावयाचा, असे तिचे स्वरूप असते. 'राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण' या नावाने ही पाहणी २०१७ आणि २०२१ साली झाली. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी तिचा नवा अवतार 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' या नावाने पार पडला. तिसरी, सहावी आणि नववी या इयत्तांतील २१ लाखांहून अधिक विद्यार्थी आणि ७४ हजारांहून अधिक शाळा त्यात सहभागी होत्या.

परख म्हणजेच आपली पारख. आपल्या समाजात तर हे आडनावच आहे. तेव्हा या पारखीतून काय निघाले, हे आपण पाहिलेच पाहिजे. गणिताचे उदाहरण घेऊ. तिसरीच्या मुलांनी सरासरी ६० टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. सहावीत हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले आणि नववीत ३७ टक्क्यांवर. तिसरीतील ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकणारी मुले ५५ टक्के होती. सहावीतील दहापर्यंतचे पाढे येणारी मुले ५३ टक्के होती. ज्या समाजात पूर्वी पावकी, निमकी आणि दिडकी तोंडपाठ असल्याखेरीज मुलाला दुकानाच्या गादीवर बसू देत नसत, त्या समाजाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दुसऱ्या एका पाहणीकडे वळू. 'प्रथम' ही मुंबईत जन्मलेली स्वयंसेवी संस्था २००५ सालापासून 'असर' नावाचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. तिची पद्धत अगदी साधी आहे. कार्यकर्ते ग्रामीण भागातील घरोघरी जातात आणि मुलाला शेजारी बसवून एक कागद वाचावयास देतात. त्या कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक लहान उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक लहान गोष्ट असते. गणितासाठी अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच विचारतात. यात गुणपत्रिका नाही, क्रमांक नाही, शिक्षकावर ठपका नाही.

या साध्या कागदाने देशाला जे दाखविले, ते विचार करावयास लावणारे आहे. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१० साली सुमारे ५४ टक्के होती. २०१२ साली ती सुमारे ४७ टक्क्यांवर आली. २०१८ साली हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. मग करोनाची महामारी आली, शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि २०२२ साली ते सुमारे ४३ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२४ साली ते पुन्हा सुमारे ४९ टक्क्यांवर आले. म्हणजे चौदा वर्षांच्या चढउतारानंतरही, पाच वर्षे शाळेत गेलेल्या दर दोन मुलांपैकी एकाला दुसरीचा धडा सरळ वाचता येत नाही. आणि हे मूल शाळाबाह्य नाही बरे! त्याच अहवालानुसार सहा ते चौदा वयोगटातील ९८ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत. नाव पटावर आहे, दप्तर पाठीवर आहे, गणवेश अंगावर आहे. मात्र पुस्तक उघडले की अक्षरे अनोळखी आहेत.

महाराष्ट्राचे थोर शिक्षणतज्ज्ञ आणि कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांना एका त्रिकोणाच्या तीन बाजू मानले होते आणि हा त्रिकोण साधणे किती अवघड आहे, याची जाणीव करून दिली होती. त्यातील संख्येची बाजू आपण बरीचशी पूर्ण केली. गुणवत्तेची बाजू अपुरी राहिली की समतेची बाजूही आपोआप आखूड होते. कारण वाचता न येणारे मूल बहुतेक वेळा गरिबाघरचेच असते.

असे का झाले, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पुष्कळ पालक लगेच म्हणतात, "परीक्षा बंद केल्या, नापास करणे थांबविले, म्हणून दर्जा घसरला." हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. २००९ साली संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई करीत होता. त्याऐवजी वर्षभर सातत्याने मूल्यमापन व्हावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मागे ठेवणे थांबले, पण सातत्याने पाहणे सुरू झाले नाही. नोंदवह्या मात्र भरल्या गेल्या. पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली.

परंतु थोडा शांतपणे विचार करा. पाचवीच्या परीक्षेत जे मूल अनुत्तीर्ण होते, ते पाचवीत मागे पडलेले नसते. ते पहिली-दुसरीतच मागे पडलेले असते. तिसरीपासून पुस्तके गृहीत धरतात की मुलाला वाचता येते. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी त्यानंतरचा प्रत्येक तास हा न कळणाऱ्या भाषेतील प्रवचनासारखा असतो. शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. तो पुढे जातो आणि मूल मागच्या बाकावर गप्प बसून राहते. अशा मुलाला पुढे ढकलले तरी ते वाचावयास शिकत नाही आणि त्याच वर्गात, त्याच पद्धतीने, त्याच पुस्तकासमोर पुन्हा बसविले तरीही ते वाचावयास शिकेलच असे नाही. परीक्षा घेणे आणि न घेणे या दोन्ही टोकांच्या वादात मुलाचे शिकणे मध्येच हरवून गेले आहे.

येथे दूरच्या एका देशाचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. कारण परीक्षेच्या बळावर दर्जा उंचावण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तेथे झाला. अमेरिकेत जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'एकही मूल मागे राहू नये' अशा नावाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. हेतू उदात्त होता. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणित यांत परीक्षा घ्यावयाची आणि २०१४ पर्यंत सर्वच्या सर्व मुले प्रवीण झाली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरले. ज्या शाळा अपेक्षित प्रगती दाखविणार नाहीत, त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने कारवाई व्हावयाची होती. काय झाले? काही राज्यांनी 'प्रवीण' या शब्दाची व्याख्याच सोपी केली. अनेक शाळांत परीक्षेला नसलेल्या विषयांचे तास कमी झाले. अटलांटा शहरात तर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे पुसून बरोबर उत्तरे लिहिली. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतील १७८ जणांवर ठपका आला आणि २०१५ साली त्यांपैकी ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. २०१४ साल उलटले. उद्दिष्ट गाठले गेले नाही. २०१५ च्या डिसेंबरात तो कायदाच बदलण्यात आला.

गमतीची गोष्ट अशी की त्याच देशात १९६९ सालापासून दुसरी एक राष्ट्रीय चाचणी चालू आहे. ती नमुना पद्धतीची आहे. तीत मुलाचे वा शाळेचे नाव प्रसिद्ध होत नाही, कोणाला बक्षीस नाही आणि कोणाला शिक्षा नाही. म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवला जातो. या चाचणीत आठवीच्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण २०१३ साली २६८ होते. २०१९ साली, म्हणजे महामारीच्या आधीच, ते २६३ वर आले आणि २०२४ साली २५८ वर. त्या वर्षी आठवीतील सुमारे एक तृतीयांश मुले वाचनाच्या मूलभूत पातळीच्याही खाली होती. एवढ्या श्रीमंत देशाला ही घसरण दिसली, ती दंडुका असलेल्या परीक्षेतून नव्हे. निरपेक्ष चाचणीतून दिसली.

सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच याचे मर्म ओळखले होते. एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा आणि ज्या कामाचे तो मापन करतो ते कामही भ्रष्ट होण्याचा धोका वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपण व्यापारी मंडळी हे अनुभवाने जाणतो. ज्याला माल विकावयाचा आहे, त्याच्याच हाती तराजू आणि त्याच्याच मनाप्रमाणे वजने असली, तर ग्राहकाचा विश्वास बसत नाही. खोटे माप हा किती मोठा दोष आहे, हे श्रावकाला नव्याने सांगावे लागत नाही. मग मुलाच्या ज्ञानाचे खोटे माप आपण कसे खपवून घेतो? आपल्याच देशात मध्य प्रदेशातील 'प्रतिभा पर्व' या शासकीय मूल्यमापनाची एका अर्थशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे पडताळणी केली, तेव्हा शाळांनी नोंदविलेले गुण वस्तुस्थितीपेक्षा पुष्कळ फुगविलेले असल्याचे आढळले. फुगविलेल्या गुणांनी शिक्षकाची अडचण टळते, अधिकाऱ्याचा अहवाल चांगला दिसतो, पालकही सुखावतात. तोटा फक्त एकाचाच होतो, त्या मुलाचा; कारण कागदावर त्याला सर्व काही येत असते आणि म्हणून त्याला शिकविण्यास कोणी येत नाही.

तराजू बाजूला ठेवणे हाही उपाय नव्हे. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीत भारतातर्फे तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश सहभागी झाले. ७४ सहभागींमध्ये त्यांचे स्थान तळाशी, शेवटून दुसरे आणि तिसरे होते. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळणारे नव्हते, असा आक्षेप आपण घेतला. त्यात काही तथ्य असेलही. परंतु त्यानंतर २०१२, २०१५, २०१८ आणि २०२२ या चारही फेऱ्यांत आपण उतरलो नाही. तसेच आपल्या देशांतर्गत पाहणीत २०२१ साली तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी या इयत्ता होत्या. २०२४ साली तिसरी, सहावी आणि नववी आल्या. नव्या रचनेची कारणे असतील, परंतु दर वेळी गज बदलला तर कापड आखूड झाले की लांब, हे सांगावयाचे कसे? तेव्हा माप खरे हवे, निरपेक्ष हवे आणि वर्षानुवर्षे तेच हवे.

आणि माप घेतल्यावर भट्टी पेटली पाहिजे. ती कशी पेटते, याचेही उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोदे येथील महानगरपालिका शाळांतून 'बालसखी' नावाचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा एक गट करावयाचा आणि शाळेच्या वेळातच रोज सुमारे दोन तास, वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेल्या एखाद्या तरुणीने त्यांना जे येत नाही तेथूनच शिकवावयाचे, एवढीच ती योजना. या तरुणींना प्रशिक्षण होते जेमतेम दोन आठवड्यांचे आणि मानधनही बेताचेच. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात या उपक्रमाचा काटेकोर अभ्यास केला. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली आणि सर्वांत अधिक लाभ झाला तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपण जाणताच.

शासनाच्या प्रयत्नांचीही नोंद घेतली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यांना सर्वोच्च अग्रक्रम दिला आणि जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. शासकीय शाळांतील तिसरीची, दुसरीच्या पातळीचे वाचू शकणारी मुले २०२२ साली सुमारे १६ टक्के होती, ती २०२४ साली सुमारे २३ टक्के झाली, असे 'असर' सांगतो. हा आकडा समाधानाचा नाही. पण दिशा योग्य असली तर दोन वर्षांतही फरक पडतो, हे त्यातून दिसते.

आता शेवटी आपल्या घराकडे वळतो. समाजातील बहुतेक न्यास दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतात. ज्याला नव्वद टक्के मिळाले, त्याला सन्मानचिन्ह, शाल, शिष्यवृत्ती मिळते. ही परंपरा चांगली आहे. ती चालू राहावी. परंतु आपल्या मनाला एक प्रश्न विचारून पाहा. ज्याचा कस आधीच सिद्ध झाला आहे, त्याचाच गौरव आपण करतो. मग ज्याला भट्टीची खरी गरज आहे, त्याच्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात कोणते खाते आहे?

माझी न्यासाला नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून एक नवीन वास्तू उभारण्याआधी एक लहानसा उपक्रम सुरू करावा. आपल्या परिसरातील नगरपालिकेची वा जिल्हा परिषदेची एखादी शाळा निवडावी, मुख्याध्यापकांची संमती घ्यावी आणि तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला शेजारी बसवून एक पान वाचावयास द्यावे. ज्याला येत नाही त्याची नोंद करावी. पण ती फलकावर लावू नये, समारंभात वाचू नये. मग आपल्यातील सेवानिवृत्त शिक्षकांनी, सुशिक्षित भगिनींनी आणि महाविद्यालयीन युवक-युवतींनी रोज तास-दीड तास त्या मुलांसाठी द्यावा. दर चार महिन्यांनी तेच पान, त्याच पद्धतीने पुन्हा वाचावयास द्यावे. खर्च थोडा आहे. सातत्य मात्र पुष्कळ लागेल. दानशूर समाजाला पैसा देणे जड जात नाही. वेळ देणे अधिक कठीण जाते, याची मला कल्पना आहे.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. मूल शाळेतून आले की "किती गुण मिळाले?" हा प्रश्न आपण विचारतोच. त्याआधी त्याच्या हाती त्या दिवशीचे वर्तमानपत्र द्या आणि एक बातमी मोठ्याने वाचावयास सांगा. मग ती बातमी त्याच्या शब्दांत सांगावयास लावा. महागड्या शाळेची फी भरली म्हणून हे पाहण्याची गरज नाही, असे समजू नका. गुणपत्रिका वर्षातून दोनदा येते. हे माप रोज घरात उपलब्ध आहे आणि त्यात कोणी फेरफार करू शकत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा न्यास स्थापन केला, त्यांच्यासमोर प्रश्न होता की समाजातील मुलाला शाळेपर्यंत कसे पोहोचवावे. तो प्रश्न बहुतांशी सुटला. आता आपल्यासमोरचा प्रश्न असा आहे की शाळेत पोहोचलेल्या मुलापर्यंत शिक्षण कसे पोहोचवावे. शताब्दी महोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या कार्याची नोंद होईल, तेव्हा 'इतक्या गुणवंतांचा सत्कार केला' या ओळीच्या शेजारी 'इतक्या मुलांना वाचावयास शिकविले' अशीही एक ओळ असावी, एवढीच माझी इच्छा आहे.



जय जिनेंद्र!